डीएनएची रचना आणि सिकलसेल : एका अक्षराचा फरक तुमच्या रिपोर्टपर्यंत कसा येतो

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘सिकलसेल ट्रेट’, ‘एएस’ किंवा ‘एसएस’ असं लिहून आलं असेल, तर डॉक्टरांनी बहुधा एका वाक्यात सांगितलं असेल की हे आनुवंशिक आहे, डीएनएमध्ये आहे. ते बरोबरच आहे. पण एवढ्याने घरच्यांचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावात प्रॅक्टिस करताना हिंगोली-वाशीमकडचे, किनवट-माहूरकडचे, विदर्भातून बदली होऊन आलेले असे सगळीकडचे लोक तपासायला येतात आणि त्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. डीएनए म्हणजे नक्की काय? रक्त बदललं तर हे जाईल का? दोष आईकडचा की वडिलांकडचा? आणि सर्वांत शेवटी, उठता उठता, हळू आवाजात विचारलेला प्रश्न : ठरलेलं लग्न मोडावं लागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. बहुतेक वेळा नाही. पण ते का, हे नीट कळायचं असेल तर डीएनएची रचना समजून घ्यावी लागेल. ती वाटते तितकी अवघड नाही.

रूळ, स्लीपर आणि गेज

डीएनए हा तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असलेला एक अतिशय लांब, अतिशय बारीक धागा आहे. एका पेशीतले सगळे धागे सरळ करून एकापुढे एक ठेवले तर लांबी सुमारे २ मीटर भरते. जाडी मात्र २ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच लाखावा भाग.

हा धागा एकेरी नाही, दुहेरी आहे. पूर्णेच्या माणसाला त्याची रचना सांगायची तर रेल्वेच्या रुळांसारखं दुसरं उदाहरण नाही. दोन रूळ समांतर धावतात आणि मध्ये ठरावीक अंतरावर स्लीपर असतात. डीएनएचे दोन रूळ साखर आणि फॉस्फेट यांचे बनलेले असतात : एक साखर, एक फॉस्फेट, पुन्हा साखर, पुन्हा फॉस्फेट. ही साखर म्हणजे चहातली साखर नव्हे, आणि मधुमेहाशी तिचा काही संबंध नाही. तिचं नाव डीऑक्सिरायबोज. डीएनएच्या नावातला ‘डी’ तिथूनच आला आहे.

मधले स्लीपर मात्र अखंड नसतात. प्रत्येक स्लीपर दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा या रुळाला पक्का जोडलेला, दुसरा त्या रुळाला, आणि मध्यभागी दोघांनी एकमेकांना हलकेच धरलेलं. हे तुकडे चारच प्रकारचे असतात : ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. थोडक्यात ए, टी, जी आणि सी. यांनाच डीएनएची अक्षरं म्हणतात.

आता गेजकडे लक्ष द्या. ए आणि जी हे तुकडे आकाराने मोठे आहेत, टी आणि सी लहान. समोरासमोर दोन मोठे आले तर रूळ बाहेर ढकलले जातील, दोन लहान आले तर मध्ये फट राहील. रुळांमधलं अंतर शेवटपर्यंत सारखं राहायचं तर मोठ्यासमोर लहानच हवा. त्यातही ए फक्त टीशी जुळतो, दोन हायड्रोजन बंधांनी, आणि जी फक्त सीशी, तीन बंधांनी. दुसऱ्या जोड्या नीट बसत नाहीत. अकोल्याकडची लाईन मीटरगेज होती तेव्हा मनमाड-सिकंदराबादची ब्रॉडगेज गाडी तिच्यावर जाऊ शकत नव्हती, हे इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. डीएनएमध्ये मात्र ३०० कोटींहून जास्त स्लीपर असूनही गेज कुठेच बदलत नाही.

या सगळ्या रुळाला एक पीळ दिलेला असतो, उजव्या हाताच्या स्क्रूसारखा. साधारण दर दहा स्लीपरमागे एक पूर्ण वेढा. म्हणून पुस्तकातल्या चित्रात डीएनए गोल जिन्यासारखा दिसतो. आणखी एक बारकावा : दोन रुळांची दिशा उलट असते. एक अपची लाईन, दुसरी डाऊनची.

ही रचना केंब्रिजच्या जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये मांडली. त्यामागे लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ मध्ये घेतलेला क्ष-किरणांचा फोटो होता, जो वॉटसन यांना फ्रँकलिनना न विचारता दाखवला गेला. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि मॉरिस विल्किन्स यांना मिळालं. फ्रँकलिन त्याआधीच, १९५८ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी कर्करोगाने गेल्या होत्या. डीएनए हा पदार्थ मात्र त्याच्याही कितीतरी आधी, १८६९ मध्ये, फ्रीड्रिख मीशर या स्विस डॉक्टरने वेगळा केला होता, आणि तोही जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशी, आणि पेशी म्हटलं की डीएनए आला.

एक रूळ आईचा, एक वडिलांचा?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. ‘दोन धागे आहेत, म्हणजे एक आईकडून आणि एक वडिलांकडून.’ तसं नाही. आईकडून पूर्ण, दुहेरी, स्लीपरसकट लाईन येते आणि वडिलांकडूनही तशीच पूर्ण लाईन येते. या लाईनी २३ तुकड्यांत असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. २३ आईची, २३ वडिलांची, मिळून ४६. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या तुमच्याकडे दोन प्रती असतात. सिकलसेलचं सगळं गणित या दोन प्रतींवर चालतं.

मग डीएनए दुहेरी कशासाठी? नक्कल काढण्यासाठी. पेशीची वाढ होऊन तिच्या दोन पेशी व्हायच्या असतात तेव्हा मधले हलके बंध सुटतात, चेन उघडावी तसे दोन रूळ वेगळे होतात आणि प्रत्येक रुळावर नवा जोडीदार बसवला जातो. एसमोर टी, जीसमोर सी, दुसरा पर्यायच नाही. त्यामुळे एका लाईनीच्या दोन हुबेहूब लाईनी होतात. याचा परिणाम तुमच्यासाठी असा : गर्भाच्या पहिल्या पेशीत जे अक्षर होतं, तेच शरीराच्या पुढच्या सगळ्या पेशींत उतरतं. रक्त चढवून, औषध घेऊन किंवा पथ्य पाळून ते अक्षर बदलत नाही. बाटलीतल्या रक्तामधल्या तांबड्या पेशींत तर डीएनए नसतोच, कारण पक्व होताना त्या आपलं केंद्रक टाकून देतात. दुसऱ्याच्या तांबड्या पेशी काही आठवडे काम करतात आणि संपतात, एवढंच.

अक्षरांचे शब्द

डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाचा अर्थ एक अमिनो आम्ल. ही आम्लं मण्यांसारखी एकामागे एक ओवली की प्रथिन तयार होतं. कोणत्या शब्दाचा अर्थ कोणतं आम्ल, हे उलगडण्याच्या कामासाठी १९६८ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत मूळचे पंजाबचे हर गोबिंद खुराना होते.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, जे फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवतं. त्याच्या दोन प्रकारच्या साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. बीटा साखळीत १४६ मणी असतात आणि तिची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. तिथला सहावा शब्द आहे जी-ए-जी. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. काही लोकांमध्ये मधलं अक्षर बदललेलं असतं : जी-टी-जी. आता अर्थ होतो व्हॅलिन.

बस, एवढाच फरक. सव्वातेरा-साडेतेरा कोटी अक्षरांच्या गुणसूत्रावर एक अक्षर. पण ‘चिमूटभर मीठ घाला’ असं लिहिण्याऐवजी ‘चिमूटभर पीठ घाला’ असं लिहिलं तर अक्षर एकच बदलतं आणि भाजी मात्र अळणी होते.

ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून दूर पळणारं. हिमोग्लोबिनच्या बाहेरच्या बाजूला असा तेलकट ठिपका आला की, प्राणवायू सोडून दिल्यावर, एका हिमोग्लोबिनचा हा ठिपका शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत अडकतो. तो तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. पेशीच्या आत कडक दोरखंड तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू मिळाला की ती पुन्हा गोल होते, पण असं वारंवार झालं की वाकलेलीच राहते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून हिमोग्लोबिन कमी आणि डोळे पिवळे. आणि वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं, छाती, पोट यांत ठणका. बाहेरून काही दिसत नाही, सूज असेलच असं नाही. त्यामुळे अशा मुलांना ‘नाटक करतो’ म्हणणारे लोक भेटतात. ते नाटक नसतं.

हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा आहे, हे अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. नेमका कोणता मणी बदलला हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं, आणि तेही केंब्रिजच्या त्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जिथे डीएनएची रचना उलगडली होती. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदवला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. आपल्याकडे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या रुग्णांविषयी लिहिलं. त्यानंतर विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली हे पट्टे सगळ्यांना माहीत झाले.

हे अक्षर काही भागांत जास्त का? कारण मलेरिया. ज्याच्याकडे बदललेली एकच प्रत आहे, त्याला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात हजारो वर्षं असे लोक जास्त टिकले आणि ते अक्षरही टिकलं. म्हणून आदिवासी समाजांत आणि मध्य भारतातल्या इतरही काही समाजांत ते जास्त आढळतं. याला कुणाच्या रक्ताचा कमीपणा म्हणणं चूक आहे. आणि ‘आमच्यात हे नसतं’ असं म्हणून तपासणी टाळणं हेही तितकंच चूक. अक्षराला आडनाव कळत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

नेहमीचं हिमोग्लोबिनचं जनुक म्हणजे ए, बदललेलं म्हणजे एस. दोन प्रती असल्यामुळे तीन शक्यता होतात. एए म्हणजे बदल नाही. एएस म्हणजे एक प्रत बदललेली, हा वाहक किंवा ट्रेट. एसएस म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या, हा आजार. (रिपोर्टवरचा हा ए म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार, डीएनएचं ए अक्षर नव्हे. दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगितलं.)

गावात किंवा शाळेत शिबिर होतं तेव्हा बहुधा सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती स्वस्त आहे, बोटातल्या रक्तावर होते, पण ती फक्त ‘एस आहे की नाही’ एवढंच सांगते. पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे असा अर्थ नाही. एएस की एसएस हे ठरवायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. फक्त शिबिराच्या चिठ्ठीवरून मुलीला ‘सिकलसेलची पेशंट’ ठरवून टाकलेली घरं मी पाहिली आहेत. पुढची तपासणी केल्यावर ती निव्वळ वाहक निघते.

एचपीएलसीच्या रिपोर्टमध्ये वाहकात एस हिमोग्लोबिन साधारण ३० ते ४० टक्के असतं, कधी त्याहून कमी, आणि ए हिमोग्लोबिन त्याच्यापेक्षा जास्त. एसएसमध्ये मोठा वाटा एसचा असतो, थोडा एफचा. एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. ते जन्मानंतर काही महिने टिकतं, म्हणूनच एसएस बाळ पहिले पाच-सहा महिने ठणठणीत दिसू शकतं. या वयात सोल्युबिलिटी टेस्ट फसवी ठरते, तेव्हा सहा महिन्यांखालच्या बाळाला तीवर सोडू नका.

दोन गोष्टी लॅबला आवर्जून सांगा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रिपोर्टमध्ये दात्याचं हिमोग्लोबिन दिसतं आणि सगळा अर्थ बदलतो. आणि घरात कुणाला थॅलॅसेमिया असेल तर तेही सांगा.

या तपासण्या डीएनएच्या नाहीत, हे लक्षात आलं असेल. त्या डीएनएवरून तयार झालेल्या हिमोग्लोबिनच्या आहेत. प्रत्यक्ष अक्षर वाचणारी डीएनए चाचणी बहुतेकांना लागत नाही. ती गर्भाच्या निदानासाठी किंवा गुंतागुंतीच्या केसमध्ये लागते. नऊशे रुपयांच्या तपासणीत काम भागत असताना हजारोंची ‘जेनेटिक टेस्ट’ सुचवली गेली तर कशासाठी, असं जरूर विचारा.

वाहक म्हणजे रुग्ण नाही

एएस व्यक्तीची दुसरी प्रत चांगली असते आणि ती पुरेसं हिमोग्लोबिन बनवते. तिला औषध लागत नाही, आयुष्य नेहमीसारखं असतं, आणि वाहक पुढे वयानुसार एसएस होत नाही. अशक्तपणा असेल तर त्याचं कारण वेगळं शोधा, आपल्याकडे बहुधा लोहाची कमतरता निघते. काळजी घ्यायची ती थोडीच : पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करताना उन्हात पाणी न पिता जिवापाड पळू नका, आणि लघवीतून रक्त गेलं तर दाखवा.

आता लग्न. मूल होताना प्रत्येक पालक आपल्या दोन प्रतींपैकी एकच देतो, आणि कोणती देणार हे नाणं उडवल्यासारखं असतं. वाहकाचं लग्न एए व्यक्तीशी झालं तर कोणत्याही मुलाला एसएस होऊ शकत नाही. मुलं एए किंवा एएस, बस. म्हणजे वाहक मुलीचं किंवा मुलाचं लग्न मोडण्याचं काहीच कारण नाही. जोडीदाराची तपासणी करणं एवढंच गरजेचं आहे.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक, एएसची चारात दोन, एएची चारात एक. हे ‘प्रत्येक’ महत्त्वाचं आहे. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तिघं चांगली’ असा हिशोब नसतो. नाणं दर वेळी नव्याने उडतं.

एस नसलेल्या जोडीदाराकडे बीटा थॅलॅसेमियाचं जनुक असेल तरीही मूल आजारी होऊ शकतं. म्हणून जोडीदाराची फक्त सोल्युबिलिटी टेस्ट पुरेशी नाही. एचपीएलसी करा, म्हणजे दोन्ही एकदम कळतं.

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. तिच्याबद्दल उपदेश करत नाही, गणित सांगतो. तुम्ही वाहक असाल तर सख्ख्या मामाच्या मुलीकडे तेच अक्षर असण्याची शक्यता, केवळ या नात्यामुळे, आठात एक. सख्ख्या भाचीशी लग्न होत असेल तर चारात एक. नात्यात लग्न ठरत असेल तर तपासणी साखरपुड्याच्या आधी करा. पत्रिका जुळवायला आपण दोन आठवडे देतो, याला एक सकाळ लागते.

आणि मूल एसएस झालं तर ‘सुनेच्या माहेरचं आलं’ म्हणणाऱ्यांनी वरचं गणित पुन्हा वाचावं. एक एस आईने दिला, तर दुसरा वडिलांनी दिलेलाच असतो. त्याशिवाय एसएस होत नाही.

दोघंही वाहक आहात आणि दिवस गेले आहेत

पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांना सांगा, पाचव्या महिन्याची वाट पाहू नका. साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा अगदी छोटा नमुना घेऊन, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन, बाळाचं ते एक अक्षर वाचता येतं. कसं, हे ऐकण्यासारखं आहे. काही जीवाणूंकडे डीएनए कापणाऱ्या कात्र्या असतात आणि त्या ठरावीक अक्षरं दिसली तरच कापतात. त्यातली एक कात्री निरोगी जनुक बरोबर त्या जागी कापते, पण मधलं ए जाऊन टी आलेलं असेल तर तिला जागाच ओळखू येत नाही. तुकड्यांच्या लांबीवरून समजतं की बाळ एए, एएस की एसएस. आज प्रयोगशाळांत इतर पद्धतीही वापरतात.

कायद्याने ही तपासणी नोंदणीकृत केंद्रात, आनुवंशिक आजारासाठी करता येते. बाळाचं लिंग सांगितलं जात नाही. मुंबईत केईएमच्या आवारातली आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या कामात जुनी आहे. तुमच्यासाठी जवळचं केंद्र कोणतं, हे परभणीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. निदान झाल्यावर काय करायचं हा निर्णय नवरा-बायकोचा आहे. डॉक्टरांचं काम माहिती देण्याचं. हा निर्णय कोणताही असो, त्यावरून बाईला दोष देऊ नका.

घरात एसएस रुग्ण असेल तर

मध्य भारतातल्या अनेक रुग्णांत एफ हिमोग्लोबिन जास्त असल्यामुळे आजार सरासरीने थोडा सौम्य असतो. सरासरीने. तुमच्या मुलाचा सौम्यच असेल असं त्यातून ठरत नाही.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा : १०१ किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखून धाप लागणं, मूल एकदम पांढरंफटक पडणं आणि डाव्या बाजूला पोट फुगणं, हातापायातली शक्ती जाणं किंवा बोबडी वळणं, आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहून दुखणं. लहान बाळाचे हातपाय सुजून ते रडत असेल, तर तीही याच आजाराची पहिली खूण असू शकते.

रोजच्या काळजीत पाणी सर्वांत पुढे. परभणीच्या मे महिन्यात शाळेत, शेतात, लग्नाच्या वरातीत बाटली जवळ हवीच. थंडीत अंग उबदार ठेवा, थंड विहिरीत पोहू देऊ नका. फॉलिक आम्ल रोज. पाच वर्षांखाली पेनिसिलिन रोज आणि न्यूमोनियाची लस, कारण या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. लोहाचं टॉनिक मात्र तपासणीशिवाय नको. इथली रक्ताची कमतरता लोहामुळे नसते, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांत तर लोह आधीच जास्त असतं.

ठणका उठला की गावात ‘सलाईन आणि एक पॉवरफुल इंजेक्शन’ मिळतं. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. तात्पुरतं बरं वाटतं, पण नंतर दुखणं दुप्पट होऊन परतू शकतं. काय टोचलं, ते लिहून मागा.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध बऱ्याच रुग्णांचं आयुष्य बदलतं. ते एफ हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे दोरखंड बनायला अडथळा येतो आणि ठणके कमी होतात. ‘कॅन्सरचं औषध आहे’ असं ऐकून घाबरून अनेक जण ते बंद करतात. ते काही कॅन्सरमध्येही वापरतात हे खरं, पण इथे मात्रा आणि उद्देश वेगळा. नियमित रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तर, पुरुष असो वा स्त्री, आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं.

ते अक्षर दुरुस्त करता येईल का?

जुळणाऱ्या भावंडाच्या बोनमॅरोने आजार बरा होऊ शकतो. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. वाहक भावंडही दाता होऊ शकतं. खर्च आणि धोका दोन्ही मोठे आहेत, म्हणून निवडक रुग्णांतच करतात.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. यात रुग्णाच्याच पेशी काढून त्यांचा डीएनए क्रिस्पर नावाच्या तंत्राने कापतात. गंमत अशी की ते बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत. एफ हिमोग्लोबिन बंद करणारं वेगळ्या ठिकाणचं बटण तोडतात, म्हणजे शरीर पुन्हा गर्भातलं हिमोग्लोबिन बनवू लागतं. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. म्हणून कुणी पावडर, काढा किंवा रत्न विकताना ‘डीएनए सुधारतो’ म्हणाला, तर हा आकडा आठवा आणि पाकीट खिशातच ठेवा.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे आणि २०४७ ही मुदत. सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही आहे, त्यामुळे एसएस रुग्णाला प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो. उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वेची सवलत आहे, एसटीचीही आहे. कागद कोणते लागतात ते स्टेशनवर आणि आगारात विचारून घ्या. वाहकाला या सवलती लागू नाहीत.

एचपीएलसीचा रिपोर्ट आयुष्यात एकदाच लागतो, कारण ते अक्षर बदलत नाही. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलवर. लग्नाच्या बोलणीच्या वेळी, गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला आणि भूल देऊन करायच्या कोणत्याही ऑपरेशनआधी तो दाखवायचा आहे.